जोड बघून कुस्ती लावा: एक्स८६, आर्म आणि रिस्क-फाइव्ह यांची तुलना कशी करावी

इचलकरंजीत आमच्या शेडमध्ये चोवीस माग आहेत. प्रत्येक मागाला एक सेन्सर आहे. धोटा या टोकाकडून त्या टोकाला गेला की एक पिक मोजला जातो आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्या मागाची कार्यक्षमता टक्क्यांत दिसते. मोजणीचा हा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिलाय आणि आजवर तो तीन जातींच्या प्रोसेसरवर चाललाय. सुरुवातीला घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर, म्हणजे इंटेल आणि एएमडी बनवतात त्या एक्स८६वर. नंतर रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डावर, म्हणजे आर्मवर. आणि गेल्या पावसाळ्यापासून चाचणीसाठी व्हिजनफाइव्ह २ नावाच्या बोर्डावर, म्हणजे रिस्क-फाइव्हवर.

तिसरा बोर्ड जोडला त्या सकाळी माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांनी हाक मारली. "ताई, हे बघा जरा. सात नंबर उणे एक टक्का चाललाय म्हणतंय."

सात नंबर बंद होता. पाळी सुरू झाल्यापासून त्यावर ताण्याच्या सुताचा बीम चढवायचं काम चाललं होतं. माझं सूत्र असं होतं: झालेले पिक गुणिले शंभर, भागिले तेवढ्या चालू वेळात व्हायला हवे होते ते पिक. माग चाललाच नाही म्हणजे खाली शून्य, आणि मी शून्याने भागत होते. हीच चूक आधीच्या दोन्ही यंत्रांवर होती, पण प्रत्येकाने ती आपापल्या पद्धतीने हाताळली. एक्स८६ पूर्णांकाला शून्याने भागू देत नाही, अपवाद (चूक झाल्याचा इशारा) उभा करतो आणि लिनक्स प्रोग्रामच बंद करतं. माझ्या डेस्कटॉपवर बंद पडलेला प्रोग्राम परत चालू करणारी एक छोटी स्क्रिप्ट होती, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. ६४ बिटांचा आर्म गुपचूप शून्य देतो. बंद मागापुढे शून्य टक्के दिसतात, म्हणून तिथेही कुणाला शंका आली नाही. रिस्क-फाइव्हच्या नियमाप्रमाणे शून्याने भागलं की उत्तरातले सगळे बिट एक होतात, आणि चिन्हांकित (अधिक-उणे मोजणाऱ्या) पूर्णांकात त्याचा अर्थ उणे एक.

रिस्क-फाइव्हवर चूक उघडी पडली म्हणून तो जास्त चांगला, असं मी म्हणत नाही. तिन्ही वागणुकींमागे विचार आहे. अपवाद उभा केला तर चूक लगेच सापडते, पण त्यासाठी हार्डवेअरमध्ये जास्तीची सोय लागते. अपवाद टाळला तर कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला आज्ञा चालवणारा गाभा, साधा राहतो आणि तपासणीची जबाबदारी प्रोग्रामरवर येते. आर्किटेक्चरची ताकद आणि दुबळेपणा ही अशा ठिकाणी दिसतात. तुम्हाला तुलना करायची असेल तर ती कशी करावी, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

आधी चार थर वेगळे करा

"आर्म चांगला की इंटेल?" या प्रश्नात चार गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. एक आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला कोणत्या आज्ञा कळतात त्याचा करार. दुसरी कोअरची रचना, म्हणजे तो करार आतून कसा पाळला जातो. तिसरी चिप कोणत्या प्रक्रियेवर बनली ती, म्हणजे किती नॅनोमीटर वगैरे. चौथी कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं आज्ञांत भाषांतर करणारं साधन, आणि लिनक्ससारखी प्रणाली. आर्किटेक्चरची तुलना म्हणजे खरं तर पहिल्या थराची तुलना, पण हातात मोजायला येतं ते चारही थरांचं मिश्रण.

नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलचा एम१ आला तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. लोक म्हणाले, आर्म जिंकला. पण एम१ ५ नॅनोमीटरवर बनला होता आणि त्याने ज्या इंटेल चिपांची जागा घेतली त्या १४ आणि १० नॅनोमीटरच्या होत्या. शिवाय एम१चा कोअर घड्याळाच्या एका ठोक्याला आठ आज्ञा उलगडू शकत होता. यातलं किती श्रेय आर्मच्या आज्ञासंचाचं? थोडं नक्की आहे. ६४ बिटांच्या आर्मची प्रत्येक आज्ञा नेमकी ४ बाइटची असते, म्हणून पुढच्या आठ आज्ञा कुठे सुरू होतात ते शोधावं लागत नाही. एक्स८६ची आज्ञा १ ते १५ बाइटपर्यंत कितीही लांब असू शकते. पहिली कुठे संपते हे कळल्याशिवाय दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि हे वेगाने करायला चिपमध्ये बरीच खटपट लागते. हा एक्स८६चा खरा, जन्मजात दुबळेपणा. पण बाकीचं बरंचसं श्रेय कोअर बनवणाऱ्यांचं आणि चिप ओतणाऱ्या कारखान्याचं होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये आर्मचे कॉर्टेक्स कोअर आणि इंटेलचे ॲटम व आय७ शेजारी ठेवून मोजमाप केलं होतं. त्यांचाही निष्कर्ष असाच होता की वेगाचा आणि विजेचा फरक मुख्यतः रचनेतून येतो, आज्ञासंचातून नाही.

जोड जमवा

आमच्याकडे मैदानात कुस्ती लावताना आधी जोड बघतात. वजन, वय, तयारी जुळली की मगच हात मिळवायचे. बोर्डांच्या बाबतीत मात्र लोक सरसकट कुणाशीही कुणाची लावतात.

माझे दोन बोर्ड घ्या. रास्पबेरी पाय ४मध्ये चार कोअर, १.५ गिगाहर्ट्झ. व्हिजनफाइव्ह २मध्येही चार कोअर, १.५ गिगाहर्ट्झ. कागदावर बरोबरीची जोड. प्रत्यक्षात पाय ४मधला कॉर्टेक्स-ए७२ कोअर आज्ञा क्रम मोडून चालवतो, म्हणजे एक आज्ञा मेमरीची वाट बघत थांबली असेल तर मागच्या आज्ञा पुढे काढतो. व्हिजनफाइव्हमधला यू७४ कोअर क्रमाने चालतो. पुढची आज्ञा अडली की मागच्याही अडतात. पाय ४ पुढे गेला तर तो आर्म असल्यामुळे नव्हे, या रचनेमुळे.

यू७४ची खरी जोड म्हणजे रास्पबेरी पाय ३मधला कॉर्टेक्स-ए५३. दोन्ही क्रमाने चालणारे, दोन्ही एका ठोक्याला जास्तीत जास्त दोन आज्ञा सोडणारे. घड्याळाच्या वेगातला फरक हिशेबात धरला की ही लढत बघण्यासारखी होते. तुम्हाला दुकानात मिळतील त्या बोर्डांतून अशीच जोड शोधा. आणि दोन्हीकडे ६४ बिटांची प्रणाली टाका. रास्पबेरी पायवर ३२ बिटांची प्रणाली ठेवून ६४ बिटांच्या एक्स८६शी केलेली तुलना मी बाजूला ठेवते.

कंपायलरचंही तसंच. तीच आवृत्ती, तीच ऑप्टिमायझेशनची पातळी. पण एक बारकावा बरेच जण विसरतात. एक्स८६-६४साठी साधा बिल्ड केला तर कंपायलर बहुधा २००३च्या पायाभूत आज्ञांवरच थांबतो, कारण त्याला प्रत्येक जुन्या यंत्रावर चालणारा प्रोग्राम द्यायचा असतो. ६४ बिटांच्या आर्मला मात्र निऑनच्या सदिश आज्ञा (एकाच वेळी अनेक आकड्यांवर चालणाऱ्या) पायातच मिळतात. म्हणून दोन्ही ठिकाणी "याच यंत्रासाठी बनव" असा पर्याय देऊन बिल्ड करा.

आतल्या आज्ञा उघडून बघा

तयार प्रोग्राममधल्या आज्ञा दाखवणारं ऑब्जडम्प हे साधन कुठल्याही लिनक्सवर मिळतं. आपल्या प्रोग्राममधला सगळ्यात जास्त वेळा चालणारा भाग त्यातून काढून दोन्हींचं उलगडलेलं रूप शेजारी ठेवा. माझ्याकडे तो भाग म्हणजे पिकांच्या मोजणीत एक मिळवणं. एक्स८६वर ती एकच आज्ञा झाली: मेमरीतल्या अमुक जागेत एक मिळव. आर्मवर तीन झाल्या: मेमरीतून रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) आण, एक मिळव, परत ठेव. रिस्क-फाइव्हवरही त्याच तीन.

हे बघून एक्स८६ तिप्पट हुशार वाटतो. पण ती एक आज्ञा चिपमध्ये शिरल्यावर तिचे आतल्या आत तसेच छोटे तुकडे होतात, आणणं, मिळवणं, ठेवणं. काम तेवढंच. फरक राहतो तो प्रोग्रामच्या आकाराचा आणि उलगडण्याच्या खटपटीचा. रिस्क-फाइव्हने त्यावर चांगला तोडगा काढलाय. नेहमी लागणाऱ्या आज्ञांची २ बाइटची छोटी रूपं त्यात आहेत, त्यामुळे प्रोग्राम आटोपशीर राहतो आणि लांबी दोनच प्रकारची असल्याने उलगडणं अवघड होत नाही. मला हा भाग मनापासून आवडतो.

म्हणूनच एका ठोक्याला किती आज्ञा झाल्या, हा पर्फ या साधनातून मिळणारा आकडा वेगवेगळ्या आज्ञासंचांत कधी तुलनेला घेऊ नका. आज्ञाच लहानमोठ्या आहेत. एकाच प्रोसेसरवर दोन प्रोग्राम ताडायला तो चांगला. आर्किटेक्चर ताडताना घड्याळावरचा वेळ आणि विजेचा खर्च, हेच आकडे धरा.

रजिस्टरही मोजा. एक्स८६-६४मध्ये सर्वसाधारण रजिस्टर १६, आर्ममध्ये ३१, रिस्क-फाइव्हमध्ये ३२, पण त्यातलं एक कायम शून्य. हाताशी जागा कमी असली की मधली उत्तरं मेमरीत ठेवून परत आणावी लागतात. इंटेलने एक्स८६साठी हीच संख्या ३२ करणारा विस्तार २०२३मध्ये जाहीर केला, यावरून ही अडचण त्यांनाही जाणवत होती हे कळतं.

विस्तारांची, म्हणजे पायाभूत संचावर जोडलेल्या आज्ञांची, यादी न चुकता तपासा. आर्म म्हटलं की सगळं आलं, असं नसतं. पाय ४च्या चिपमध्ये एईएस कूटलेखनाच्या खास आज्ञा नाहीत, पाय ५मध्ये आहेत. माझी आकडेवारी रोज रात्री कूटबद्ध होऊन सर्व्हरवर जाते, त्यामुळे मला हा फरक जाणवतो. इंटेलने त्या आज्ञा २०१०मध्येच आणल्या होत्या. यू७४मध्ये सदिश आज्ञाच नाहीत, कारण रिस्क-फाइव्हच्या सदिश आज्ञांचं पक्कं रूप २०२१च्या अखेरीस मंजूर झालं. रिस्क-फाइव्हमध्ये पाया छोटा आणि बाकी सगळं जोडीला, अशी मांडणी आहे. छोट्या चिपांना ती वरदान आहे, पण तयार प्रोग्राम वाटणाऱ्याला समोरच्या चिपमध्ये काय आहे याचा भरवसा राहत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या आरव्हीए२३ या प्रोफाइलने, म्हणजे चिपमध्ये हव्याच अशा विस्तारांच्या यादीने, हा गोंधळ आवरायला सुरुवात केली आहे. नवा बोर्ड घेताना तो त्यात बसतो का, हे विचारा. उबुंटू या लिनक्सने २५.१० आवृत्तीपासून रिस्क-फाइव्हसाठी तीच अट घातली आहे.

आपला प्रोग्राम कुठे अडखळतो ते मुद्दाम शोधा

शून्याच्या भागाकाराचं वर सांगितलं. दुसरी ठेच मला खूप आधी, एक्स८६वरून आर्मवर जाताना लागली. जुनी नोंद वाचणारा भाग आर्मवर थांबेचना. फाइल संपली की वाचणारं फंक्शन उणे एक देतं, आणि मी ते 'कॅर' प्रकारच्या चलात साठवत होते. लिनक्सवर एक्स८६मध्ये कॅर चिन्हांकित असतो, म्हणून उणे एक हे उणे एकच राहतं. आर्म आणि रिस्क-फाइव्हमध्ये तो चिन्हाविना असतो, म्हणून उणे एकचे २५५ होतात आणि २५५ कधीच उणे एकाबरोबर होत नाही. फाइल संपूनही प्रोग्राम वाचतच राहतो. चल 'इंट' केला की प्रश्न मिटला. पण तो एक शब्द सापडायला मला दोन रात्री लागल्या.

तिसरी ठेच सगळ्यात खोल आहे आणि तिच्यावर मी वेळ देणार आहे, कारण एक्स८६वरून आर्मवर येणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी लागते. माझ्या प्रोग्राममध्ये दोन धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारे दोन भाग, होते. एक सेन्सरकडून आकडा घेऊन मेमरीत लिहायचा आणि मग शेजारचा झेंडा वर करायचा. दुसरा झेंडा वर दिसला की आकडा उचलायचा. आधी आकडा, मग झेंडा. डेस्कटॉपवर हे कधी चुकलं नाही. पाय ४वर मात्र अधूनमधून, काही दिवसांतून एकदा, पडद्यावर आधीच्याच मिनिटाचा आकडा परत यायचा.

कारण असं. एक्स८६मध्ये एका कोअरने ज्या क्रमाने मेमरीत लिहिलं, त्याच क्रमाने ते दुसऱ्या कोअरला दिसतं, असा करारच आहे. आर्म आणि रिस्क-फाइव्ह असा शब्द देत नाहीत. झेंडा आधी दिसू शकतो आणि आकडा मागून. त्यांनी ही ढिलाई जाणूनबुजून ठेवली आहे, कारण त्यामुळे कोअरला मेमरीचं काम सोयीप्रमाणे पुढेमागे करता येतं. क्रम हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो. मी झेंड्याचा चल सी भाषेतला ॲटॉमिक केला, लिहिताना 'रिलीज' आणि वाचताना 'ॲक्वायर' या क्रम मागणाऱ्या खुणा लावल्या, आणि ते जुने आकडे परत दिसले नाहीत. या बाबतीत एक्स८६ची माया मोठी आहे. ॲपलने एम१मध्ये एक्स८६सारखा मेमरीक्रम पाळणारी वेगळी सोय चिपमध्येच घातली. इंटेलसाठी बनलेले प्रोग्राम रोझेटा २मधून चालवताना ती वापरली जाते.

एक सावधगिरी. यू७४सारख्या क्रमाने चालणाऱ्या कोअरवर ही चूक कदाचित दिसणारच नाही. तिथे प्रोग्राम नीट चालला म्हणजे तो रिस्क-फाइव्हवर बरोबर आहे, असं धरू नका. उद्या क्रम मोडणारा रिस्क-फाइव्ह कोअर हाती आला की तीच चूक वर येईल. तपासणी कराराप्रमाणे करायची असते, हाताशी आलेल्या चिपप्रमाणे नाही.

विजेचा हिशेब

काम करताना किती वॅट लागतात हे सगळे बघतात. वॅट गुणिले सेकंद करून बघा. समजा एका यंत्राला तेच काम करायला ४० वॅटवर १० सेकंद लागले, म्हणजे ४०० ज्यूल. दुसऱ्याला ६ वॅटवर ५० सेकंद, म्हणजे ३०० ज्यूल. पाचपट हळू असूनही दुसऱ्याने वीज कमी खाल्ली. पण पहिल्याला १५ वॅट जास्त देऊन वेळ ४ सेकंदांवर आला, तर २२० ज्यूल होतात आणि निकाल उलटतो.

माझ्यासारख्याचं यंत्र मात्र बहुतेक वेळ नुसतं वाट बघत बसलेलं असतं. मागाला मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिक, चोवीस मागांचे मिळूनही प्रोसेसरला ते काहीच नाही. तिथे रिकामं बसल्यावरचा वॅटचा आकडा महत्त्वाचा. रिकाम्या डेस्कटॉपला ४० आणि बोर्डाला ५ वॅट धरले तर ३५ वॅटचा फरक, चोवीस तास, तीस दिवस: महिन्याला २५ युनिट. प्लगमध्ये लावायचा साधा वॅटमीटर आणा आणि आपले आकडे घाला.

भाड्याच्या सर्व्हरवर ताडत असाल तर एक गोष्ट आधी विचारा, व्हीसीपीयू, म्हणजे भाड्याचा आभासी प्रोसेसर, म्हणून नेमकं काय देताय? बऱ्याच एक्स८६ सर्व्हरवर एक व्हीसीपीयू म्हणजे एका कोअरवरच्या दोन धाग्यांपैकी एक. ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉन या आर्म चिपवर तो अख्खा कोअर असतो. चार विरुद्ध चार लिहिलेलं असलं तरी जोड तिथेच बिघडलेली असते.

पुढच्या दहा वर्षांचा विचार

आर्किटेक्चर बदलतात, टिकतं ते आपलं सॉफ्टवेअर. पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा इतिहास यासाठी बघण्यासारखा आहे. १९९१चा परम ८००० हा महासंगणक इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर प्रोसेसरवर उभा होता. ती जातच पुढे बंद पडली. १९९८चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर आला, २००३चा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४वर, २००८चा परम युवा इंटेल झिऑनवर. सतरा वर्षांत निदान चार आज्ञासंच. आता सी-डॅक स्वतःचे वेगा प्रोसेसर आणि आयआयटी मद्रास शक्ती प्रोसेसर रिस्क-फाइव्हवर बनवत आहे, आणि एप्रिल २०२२पासून केंद्राचा डीआयआर-व्ही कार्यक्रम त्यामागे आहे. रिस्क-फाइव्हचा करार २०१०मध्ये बर्कलेत सुरू झाला आणि तो सगळ्यांना खुला आहे. चिप बनवायला कुणाकडून आज्ञासंचाचा परवाना घ्यावा लागत नाही, स्वतःच्या आज्ञाही जोडता येतात. आर्मला शुल्क द्यावं लागतं. एक्स८६ तर इंटेल आणि एएमडी यांच्यापलीकडे जवळपास कुणाला बनवताच येत नाही. आपल्या देशात चिप घडवू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हा फरक फार मोठा आहे.

पण वापरणाऱ्याला दुसराही प्रश्न पडतो: यंत्र बिघडलं तर उद्या सकाळी चालू होईल का? इथे एक्स८६ला तोड नाही. एका डेस्कटॉपची डिस्क काढून दुसऱ्याला लावली तर लिनक्स बहुतेक वेळा सरळ उठतं. आर्म आणि रिस्क-फाइव्हच्या छोट्या बोर्डांवर प्रत्येकाचं सुरू होणं वेगळं, हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल वेगळी, कर्नलही (लिनक्सचा गाभा) कधीकधी वेगळं. म्हणून मी त्या बोर्डांसाठी तयार केलेली मेमरी कार्डाची एक प्रत कपाटात ठेवते आणि हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर मात्र ऑफिसातल्या एक्स८६वरून हलवलेलं नाही. शेडमध्ये आर्म. रिस्क-फाइव्हचा बोर्ड शेजारी चालू असतो, तेच आकडे तोही मोजतो, आणि रात्री दोघांच्या नोंदी मी ताडून बघते.

शेवटचं मोजमाप थंड खोलीत करू नका. पाय ४चं तापमान ८० अंश सेल्सिअसला पोहोचलं की तो स्वतःचा वेग कमी करायला लागतो. माझ्या सगळ्या चाचण्या मी दोनदा करते, एकदा घरी पंख्याखाली आणि एकदा एप्रिलमध्ये दुपारी दोनला, शेडमध्ये पत्र्याखाली, चोवीसही माग चालू असताना. वहीत दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिते. बोर्ड घ्यायचा की नाही हे दुसऱ्या रकान्यावरून ठरवते.